तळाचा लाल

पॉलिश पेपर पत्र्यावर हलक्या हातानं फिरतोय. वरचा निळा रंग निघाला. खाली पांढरा लागला. अजून थोडं घासलं, आणि तळाशी लाल दिसला. म्हणजे ही व्हॅन कधीकाळी ब्रिटनच्या टपाल खात्यात होती.

जुन्या टपालगाड्या पुष्कळदा अशाच सापडतात. खात्यानं पुरेपूर राबवून घ्यायचं आणि मग विकून टाकायचं. नवा मालक आधी रंग बदलणार, कारण टपालाच्या रंगात गाडी फिरवून चालत नाही. बाकीच्या थेट भंगारात. रोज दारात येणारी गाडी जपून ठेवावी, हे तेव्हा कुणाच्या फारसं मनातच आलं नाही.

आता हे पुढचं मडगार्ड बोटानं दाबून बघा. हे रबराचं आहे! टपाल खात्यासाठी १९५३ पासून बनलेल्या मॉरिस मायनर व्हॅनपैकी सुरुवातीच्या गाड्यांना अशी मडगार्डं होती. अरुंद गल्ल्या, दिवसभर थांबत-थांबत जायचं, घासाघाशी ठरलेली. पत्रा दरवेळी ठोकून घ्यावा लागतो. रबर दबतं आणि पुन्हा जागेवर येतं. हेडलाइट मात्र वेगळे, मडगार्डच्या वर बसवलेले, बेडकाच्या डोळ्यांसारखे.

इतक्या वर्षांनी हे रबर कडक होतं, तडकतं. पत्र्याचं मडगार्ड त्यामानानं सहज मिळतं. पण ते लावलं की ही नुसती एक जुनी मॉरिस उरते, टपालाची गाडी राहत नाही. रबर शोधायला वर्ष लागलं तरी लागू दे.

चिन्हाचंही तसंच. बहुतेक गाड्यांवर मुकुटाखाली राणीच्या नावाची अक्षरं आणि दोनचा रोमन आकडा असे. स्कॉटलंडमध्ये मात्र त्या आकड्यावरून वादळ उठलं. पहिल्या एलिझाबेथनं तिथं राज्यच केलं नव्हतं, मग ही दुसरी कशी? १९५३ मध्ये एडिनबरात त्या अक्षरांची टपालपेटी स्फोटानं उडवली गेली. त्यानंतर तिथल्या टपालगाड्यांवर नुसता स्कॉटिश मुकुट आला. तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी गाडी कुठे चालली होती, ते शोधायला हवं.

अमेरिकेत ही वेळ आत्ता आली आहे. १९८७ ते १९९४ मध्ये बनलेल्या ग्रमन कंपनीच्या पांढऱ्या, चौकोनी टपालगाड्या एकेक करून निवृत्त होताहेत. त्या देशात स्टिअरिंग डावीकडे असतं, या गाड्यांचं उजवीकडे; रस्त्याकडेच्या पेटीत बसल्याजागी हात पोहोचावा म्हणून. डावीकडे सीटऐवजी पत्रांचा ट्रे. एक लाखाहून जास्त बनल्या, म्हणूनच कुणाला त्यांचं अप्रूप नाही. मॉरिसचंही एकेकाळी असंच होतं.

इकडे व्हॅन पुन्हा लाल झाली आहे. फक्त मागच्या दाराच्या आत तळहाताएवढा चौकोन रंगवलेला नाही. तिथं तिन्ही थर तसेच ठेवलेत: निळा, पांढरा, आणि तळाचा लाल.