पुलाला छप्पर कशाला? लाकडी पुलांची खरी गोष्ट

नमस्कार मंडळी. छपराच्या लाकडी पुलांचे रील सध्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरताहेत, आणि माझ्या कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय : "भाऊ, पुलाले छप्पर कायले?"

आधी इतिहास, झटपट. अमेरिकेतला असा पहिला मोठा पूल फिलाडेल्फियातला, १८०५ चा, टिमोथी पामर यांनी बांधलेला. इथिएल टाउन यांनी १८२० मध्ये फळ्यांच्या जाळीच्या सांगाड्याचं पेटंट घेतलं, आणि गावचे सुतारही असे पूल उभारू लागले. सगळ्यात लांब पूल कॅनडात, हार्टलँडला, ३९१ मीटर. झालं.

आता छप्पर. कुणी लिहिलं, वाटसरू भिजू नयेत म्हणून. कुणी लिहिलं, आत बर्फ साचू नये म्हणून. नाही हो! हिवाळ्यात तिथं बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्या चालायच्या, त्यामुळं लोक बाहेरचा बर्फ फावड्यानं आणून मुद्दाम पुलात पसरायचे. छप्पर आहे ते सांगाड्यासाठी. सगळा भार दोन्ही बाजूंच्या उभ्या-तिरप्या लाकडांवर असतो. चालायच्या फळ्या झिजल्या तर बदलता येतात. सांगाडा कुजला की पूलच गेला.

फिलाडेल्फियाच्या पुलालाही छप्पर घाला, असा आग्रह न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी धरला, तो पूल टिकावा म्हणून. वाटसरूंच्या डोक्यासाठी नाही.

लाकूड कुजवते बुरशी, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. पाणी मुरतं सांध्यात, जिथं ना ऊन पोचतं ना वारा. म्हणून उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत खिळखिळा व्हायचा आणि झाकलेला शंभरी ओलांडतो. अमेरिकेतला कॉर्निश-विंडसर पूल १८६६ चा आहे, त्यावरून आजही मोटारी जातात.

यावर एका दादाची कमेंट : "आपल्या सागवानाले काही होत नाही." होतं दादा. सागाचा आतला गाभा टिकाऊ, बाहेरचं पांढरट लाकूड नाही. आमच्या भागातल्या एका जुन्या वाड्यात माकडांनी छपरावरचे कवेलू फोडले, पाणी गळत राहिलं, कुणी पाहिलं नाही. म्याल, म्हणजे छताखालची आडवी तुळई, मधून ठणठणीत दिसत होती. भिंतीत शिरलेल्या टोकाला मी पेचकस लावला तर तो सरळ आत गेला! आणि त्याच वाड्याच्या खांबांना चकचकीत ऑइलपेंट मारलेला. माझा खरा राग इथं आहे. ओल्या लाकडावर रंग चढवला की आतली ओल कोंडते. "कोणतं पॉलिश लावू" हे मला रोज विचारतात, "छत कुठं गळतं" हे कुणी विचारत नाही.

छपरानं सगळं वाचतं असं मात्र नाही. स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नचा चौदाव्या शतकातला पूल १९९३ च्या आगीत बराचसा जळाला, पुढच्याच वर्षी पुन्हा उभा केला. न्यूयॉर्क राज्यातला ब्लेनहाइमचा १८५५ चा पूल २०११ च्या पुरात वाहून गेला. पाणी वरून आलं तर छप्पर अडवतं. ते खालून आलं तर पूल किती उंचावर आहे तेच बघायचं. "आपल्या नाल्यावर असा पूल बांधू" म्हणणाऱ्यांनी रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी जाताना एकदा उभं राहून पाहावं.

असे पूल सांभाळणारे काय करतात? छत दुरुस्त ठेवतात, लाकूड जिथं दगडी आधारावर टेकतं तिथला माती-पाला काढतात, जड वाहनं अडवतात. कुजला तेवढाच तुकडा काढून तशाच लाकडाचा जोड देतात.

तुमचं कवेलूचं घर असेल तर मृग लागायच्या आधी शिडी लावा. कवेलूवर थेट पाय देऊ नका, आडवी फळी टाका. फुटके बदला. मग खाली येऊन प्रत्येक म्यालीचं भिंतीतलं टोक पेचकसानं टोचून पहा. मऊ लागलं तर त्याच जागेचा जवळून फोटो कमेंटमध्ये टाका. रंगाचं नंतर बोलू.