हंगामाच्या टोपलीतली कादंबरी

(नगरच्या एका ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सलाम. उपासना सुटल्यावर आम्ही चर्चच्या दारात हात मिळवतो आणि एकमेकांना सलाम म्हणतो, तोच तुम्हालाही. पत्रिकेवर विषय छापलाय 'श्रद्धा आणि कादंबरी'. तिकडे येतेच. पण आधी एका शब्दाविषयी बोलू द्या, फार दिवस मनात आहे.

उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं. हा शब्द मराठी बायबलातून आमच्या घराघरांत आला. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा,' असं प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं. माझी आजी नेवासे तालुक्यातली. विहिरीला पाणी लागलं तरी तिची उपकारस्तुती, मोटर जळली तरी उपकारस्तुती. मोटर जळली त्या दिवशी आजोबांनी डोळे मिटायला जरा वेळ घेतला, पण मिटले. (नेवासं म्हटलं की तुम्हाला ज्ञानेश्वरी आठवणार. तिथेच तर झाली ती! आमच्या आजीला पसायदान पाठ होतं आणि बायबलातली स्तोत्रसंहिताही. दोन्ही म्हणताना तिचा सूर एकच लागायचा.)

तर माझी पहिली कादंबरी छापून झाली आणि पाचशे प्रती घरी येऊन पडल्या. आपलं पुस्तक घ्या म्हणून लोकांना कसं सांगायचं? एका विक्रेत्याकडे गेले. त्यांनी मुखपृष्ठावरचं माझं आडनाव वाचलं आणि न उघडता पुस्तक परत दिलं. 'ही तुमच्या चर्चमध्ये खपेल.' ते मला लागलं, आजही लागतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच नगरात ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या घरी बालकवी राहिले, त्या गावात मराठी पुस्तकाला आडनाव विचारायचं? बरं, चर्चमध्ये नेली तर तिथले एक वडीलधारे म्हणाले, 'बाई, यात साक्ष कुठेय? शेवटी कुणाचा पालट होतच नाही.' साक्ष म्हणजे आपल्या श्रद्धेची उघड ग्वाही. दोन्हीकडून दार बंद.

मग पावसाळा सरला आणि हंगामाचा सण आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं देवापुढे आणायचं. वेदीसमोर बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, आणि उपासनेनंतर अंगणात सगळ्याचा लिलाव. माझ्याकडे शेत नाही. मी टोपलीत दोन प्रती ठेवल्या आणि वर मेथीची जुडी. मेथी ओली होती, मुखपृष्ठावर पाण्याचे दोन डाग पडले. ते डाग पाहिले आणि माझा संकोच गेला. हे माझं पीक आहे, ज्याने दिलं त्याच्यापुढे ठेवलंय, आता बोली लागो न लागो.

बोली लागली. अडीचशेचं पुस्तक तीनशे दहाला गेलं, आणि घेतलं कुणी, तर सत्तरीच्या एका आजींनी. त्यांना वाचता येत नाही. 'नात वाचील, मी ऐकीन.' महिन्याने भेटल्या तेव्हा आधी चूक दाखवली. 'तुझी शांता ओली बाजरी जात्यावर घेती. आगं, जातं धरंल की!' दुसऱ्या आवृत्तीत मी ते वाक्य बदललं. आपलं लिहिणं इतक्या कान देऊन कुणी ऐकावं, याची उपकारस्तुती कोणत्या शब्दांत करायची, सांगा.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय भरभर सांगते.

ख्रिस्ती लेखक बाबा पद्मनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिलं, मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांपैकी ते एक. त्यात उपदेश पुष्कळ आहे, पण विधवांचे हाल सांगताना लेखणी उपदेश विसरते, आणि मला ती पानं खरी वाटतात. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचं तसंच. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बाई काही वर्षं दूर राहिल्या. आपलं मन कसं पालटलं ते त्या घडलं तसं सांगतात, पटवत बसत नाहीत.

आणि येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट, आमच्या शब्दांत दाखला, आठवा. धाकटा आपली वाटणी उधळून परत येतो, मेजवानी सुरू होते, थोरला रुसून बाहेर उभा. बाप बाहेर येऊन त्याला विनवतो. पुढे थोरला आत गेला का? बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ते नाहीच. प्रभूने गोष्ट तिथेच थांबवली. साक्ष कुठे आहे असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे. ऐकणाऱ्यावर इतका विश्वास टाकणं हीसुद्धा श्रद्धाच, आणि ती मी त्या दाखल्यातून शिकले.

माझी शांता अशीच थोरली. आईबापाचं करत घरी राहिलेली. भाऊ वाटणीची जमीन विकून गेला होता, तो परतलाय, त्याच्यासाठी उपकारस्तुतीची उपासना चाललीय, आणि शेवटच्या पानावर ती चर्चच्या पायरीवर उभी आहे. आत पेटी वाजतेय.

आजींना मी विचारलं, शेवट कसा वाटला? त्या म्हणाल्या, 'आली की ती आत. मी सरकून जागा दिली तिला.'

प्रती मागच्या टेबलावर आहेत. सलाम.