बाई शिकवतच नाहीत!

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत आणि जेवण अजून लागलेलं नाही, म्हणजे तुम्ही कुठे पळणार नाही.

परवा आमच्याकडे जोरदार जुंपली. धाकटीची विज्ञानाची वही उघडली तर आत गांडुळं! अर्धा कागद ओला, अर्धा कोरडा, मध्ये गांडूळ. शेजारी पेन्सिलीने ‘ओल्याकडे, ओल्याकडे, कोरड्याकडे??’ उत्तर कुठेच नाही. मी लगेच शाळेला मेल लिहायला बसलो, “बाई शिकवणार कधी?” पोरगी म्हणाली, “बाबा, तुलाच घाई आहे, तर तूच बघ ना गांडूळ!” आईने अर्थातच तिची बाजू घेतली.

तिचे बाबा कोण? तर जर्नलमध्ये आधी मागच्या बॅचची रीडिंग उतरवून मग लंबक हलवणारे. गाईड होतं म्हणून इंजिनियर झालो. तुम्ही हसताय, पण तुमची जर्नलं मी पाहिली आहेत.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची आगकाड्यांची आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी पुणेकरांना माहीत आहेत. त्या खेळण्यांचं मूळ मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचं. 1972 मध्ये तिथल्या 16 शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायला सुरुवात केली. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती. पुढे हे शेकडो सरकारी शाळांत पोचलं, आणि 2002 मध्ये सरकारने बंद केलं. शिक्षक, शास्त्रज्ञ भांडले. पण पोरं बोर्डाला मागे पडतील ही धास्ती तिथेही होतीच. मला वाटतं, असे प्रयोग वर्गात हरत नाहीत, आपल्या दिवाणखान्यात हरतात. गांडुळाची वही पाहून मेल लिहायला बसतो ना आपण, तिथे.

आणि आपण काय करतो? शाळेच्या पालकसभेला दांडी, तक्रारीचा मेल मात्र वेळेवर. गणपतीत मुलांच्या गाण्यापेक्षा त्यांच्या मार्कांची चर्चा जास्त. प्रयोग पुरे, वर्कशीटं परत आणा, असं निवेदन सध्या इथल्या शाळा मंडळाकडे गेलंय. सह्यांच्या यादीत आपली आडनावं बघा, एखादी पंगत उठेल. माझी सही त्यात नाही. सौभाग्यवतींनी पेनच लपवलं होतं.

आता त्या निवेदनावर सुनावणी आहे. बाईंच्या बाजूने चार पालक तरी उभे राहायला हवेत. मी जाईन म्हणतोय. पण थोरला पुढच्या वर्षी एसएटीला, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला, बसतोय आणि त्याच्या क्लासची फी मी केव्हाच भरलीय. कुणी तेवढंच विचारलं, तर काय सांगू?