मोठ्या जातीच्या पिल्लासाठी क्रेट घेताना

नमस्कार श्रोतेहो.

लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू घरी यायचं ठरलं की क्रेटचा, म्हणजे कुत्र्याला आत झोपता येईल अशा दार असलेल्या जाळीच्या खोक्याचा, विषय निघतो, आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढंसं लेकरू, त्याला पिंजऱ्यात कशाला कोंडायचं?" ही काळजी रास्त आहे. पण कुत्रं आपणहून कुठं झोपतं ते बघा. पलंगाखाली, डायनिंग टेबलाखाली, पाठ भिंतीला लागेल अशा कोपऱ्यात. क्रेट म्हणजे त्याचा असा हक्काचा कोपरा. माप चुकलं तर मात्र त्याचा खरोखरच पिंजरा होतो.

माप चुकतं ते दोन्हीकडून. आज पिल्लू दीड फुटाचं आहे म्हणून 24 इंचांचा क्रेट आणला, तर दोन-तीन महिन्यांत तो अपुरा पडतो. उलट, थेट पूर्ण वाढीचा आणून अख्खा मोकळा दिला, तर पिल्लू एका कोपऱ्यात शी-शू करतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात निवांत झोपतं. झोपायची जागा घाण करायची नाही, ही कुत्र्याची उपजत सवय. क्रेटचं सगळं शिकवणं तिच्यावर उभं आहे. जास्तीच्या जागेनं तीच मोडते, आणि पुन्हा बसवायला फार दिवस जातात.

म्हणून क्रेट मोठ्या कुत्र्याच्या मापाचा घ्या आणि जागा पिल्लाच्या मापाची द्या. आत सरकवायची जाळी, म्हणजे डिव्हायडर, सोबत येतो ना, ते दुकानात आधी विचारा. काही ठिकाणी तो वेगळा विकतात.

मोठ्या कुत्र्याचं माप पिल्लावरून कळत नाही, आईवडिलांवरून कळतं. पिल्लू नर असेल तर शक्यतो बापाचं माप घ्या. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेप धरा आणि त्यात 4 इंच मिळवा, ही लांबी. शेपूट मोजायची नाही. मग कुत्र्याला बसवून जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजा, कान उभे असतील तर कानांच्या टोकापर्यंत, आणि त्यातही 4 इंच मिळवा. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीवरला साधारण 42 इंची क्रेट पुरतो. थोराड जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर नराला 48 इंची लागतो, ग्रेट डेनला 54 इंची.

आता आपल्या फ्लॅटचा विचार. 42 इंची क्रेट साधारण 28 इंच रुंद असतो, म्हणजे 8 चौरस फूट जागा गेली. पैसे मोजण्याआधी लादीवर चिकटपट्टीनं तेवढा चौकोन आखा, पुढं दार उघडायला दोन फूट धरा आणि चार दिवस तसंच वावरून बघा. केर काढताना, कपाट उघडताना अडतं का? अडत असेल तर समोर आणि बाजूला अशी दोन दारं असलेला क्रेट घ्या, म्हणजे तो भिंतीलगत आडवा लावता येतो. बाल्कनीत मात्र ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या उन्हानं तिथली लोखंडी जाळी चटका बसेल इतकी तापते, आणि कुत्र्याला अंग गार करायला धापा टाकण्याखेरीज फारसा उपाय नसतो. हॉलमध्ये, पंख्याची झुळूक लागेल अशी जागा बरी. वर चादर टाकायची तर तीनच बाजू झाका.

दुकानात एक जुना पायमोजा घेऊन जा. हातात घालून आतल्या प्रत्येक जोडावरून, दाराच्या कडेवरून फिरवा. जिथं धागा अडकेल, तिथं उद्या पिल्लाची जीभ किंवा पापणी अडकेल. फॅब्रिकेशनवाल्याकडून पिंजरा करून घेणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, कारण वेल्डिंगचे काटे कानशीनं घासून काढायचे राहून जातात. तळाला जाळी नको, पंजे दुखावतात. तळ सपाट हवा आणि ट्रे बाहेर ओढता यायला हवा. गजांमधून पिल्लाचा जबडा किंवा पंजा जाऊन अडकेल एवढी फट नको.

गंजाचंही बघा. पावसाळ्यातली दमट हवा, त्यात वाशी-ऐरोलीसारखी खाडीकाठची वस्ती, आणि ट्रेखाली ओघळलेलं मूत्र. गंज आधी जोडांवर धरतो, म्हणून कोटिंग तिथं सलग आहे का ते पाहा. ट्रे उचलून खालची सळईसुद्धा साबणाच्या पाण्यानं पुसा आणि कोरडी करा. फिनेल नको. पिल्लू ट्रे चाटतं, तोंडाला आणि पोटाला त्रास होतो.

घरी आणल्यावर डिव्हायडर असा लावा की पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून आडवं होता येईल. बस, तेवढंच. त्याचे हूक पक्कडीनं दाबून बंद करा आणि उघडी टोकं पिल्लाच्या बाजूला येऊ देऊ नका. दर पंधरा दिवसांनी तपासा. वळताना ढुंगण जाळीला घासायला लागलं की 3-4 इंच मागं सरकवा. सरकवल्यावर आत शू झाली तर पुन्हा पुढं घ्या, आणि पिल्लाला अजिबात ओरडू नका. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम दोन तास धरून ठेवतं. त्याहून जास्त वेळ आत ठेवलं तर चूक आपली.

ट्रेवर जाड सुती गोधडी घाला. नुसत्या प्लास्टिकवर पाय घसरतात, आणि वजनदार जातींना कठीण तळामुळं कोपरावर घट्टे पडतात. गोधडी फाडून गिळायला लागलं तर काढून घ्या आणि रबरी मॅट घाला.

आत जाताना गळ्यातला पट्टा काढायचा, रोज, न चुकता. पट्ट्याची कडी गजात अडकून फास बसू शकतो. पहिले काही दिवस दार उघडंच ठेवा आणि मागं दोरीनं बांधा, वाऱ्यानं आपटून पिल्लू दचकायला नको. जेवणाचं भांडं आधी दारात ठेवा, मग रोज वीतभर आत.