‘शुभम’चा केक टॉपर दोन तुकड्यांत का निघतो?

(स्क्रीनवर: जाड अक्षरांत ‘शुभम’)

नमस्कार. केक टॉपर म्हणजे केकवर खोचायची नावाची पाटी. तिची ही फाइल अशीच लेझर कटरला पाठवली, तर ‘शु’ वेगळा आणि ‘भम’ वेगळा निघेल. दोष मशीनचा नाही. मराठी नावातली अक्षरं शिरोरेषा धरून ठेवते, पण भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर ती तुटते.

मग फटीवर सरळ पट्टी ओढली जाते आणि शुभमचा ‘शुमम’ होतो, माधवीची ‘माघवी’. त्यामुळे जोड वर द्यायचाच नाही, खाली द्यायचा.

(स्क्रीनवर: इंकस्केप, चित्र काढायचं सॉफ्टवेअर)

नाव ‘बालू’सारख्या जाड फॉन्टमध्ये टाइप करा. ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, म्हणजे अक्षरांचे आकार बनतात, मग ग्रुप सोडवा. आता ‘भम’ डावीकडे सरकवा, ‘भ’ची खालची गाठ ‘शु’च्या दांड्यात निदान दीड मिमी शिरेपर्यंत. ‘अथर्व’मध्ये असा जोड नीट बसत नसेल, तर नावाखाली 3 मिमीची आडवी पट्टी द्या. अनुस्वाराचा टिंब अर्धा शिरोरेषेत बुडवा, नाहीतर तो मशीनच्या जाळीतून खाली पडतो.

शेवटी ‘युनियन’, म्हणजे सगळी अक्षरं मिळून एकच आकार. हे विसरलात तर लेझर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि सगळे जोड तुटतात. खात्रीसाठी इंकस्केपच्या नव्या आवृत्तीत ‘स्प्लिट पाथ’ करून बघा, त्यात सुटे तुकडे वेगळे होतात. एकच तुकडा राहिला तर जमलं. जास्त झाले तर अन्डू करा आणि सुटलेला जोड शोधा. कुठलाही भाग 2 मिमीपेक्षा बारीक नको.

माप केकवरून ठरतं. अर्धा किलोचा गोल केक साधारण 6 इंचाचा असतो, त्याला 11-12 सेंमी रुंद नाव पुरतं. पाय दोन हवेत, एकावर टॉपर गरकन फिरतो. लांबी 8 सेंमी, त्यातले 5-6 केकच्या आत. प्लायच्या वरच्या थरातला लाकडाचा रेशा पायांच्या दिशेने उभा ठेवा. रेशा आडवा राहिला की पाय खुपसतानाच मोडतो.

सामान 3 मिमी प्लाय किंवा एमडीएफ. पावसाळ्यात नाशिकच्या दमट हवेत प्लाय वाकतो, मग फोकस एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चुकलेला. शीट वजनाखाली सपाट ठेवा, कापताना कडा दाबून धरा. पारदर्शक अॅक्रिलिक निळ्या डायोड लेझरने कापलं जात नाही, किरण आरपार जातो. ते साइन बोर्डवाल्याकडून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर मशीनवर कापून घ्या. पीव्हीसी किंवा रेक्झिन मात्र कुठल्याच लेझरवर नको. क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो, मशीनही गंजतं.

10 वॅटच्या डायोडला प्लायसाठी सुरुवात पूर्ण पॉवर, सेकंदाला 5 मिमी, दोन पास, म्हणजे त्याच रेषेवरून दोनदा. आधी कोपऱ्यात 10 मिमीचा गोल कापून बघा. गोल आपोआप सुटला पाहिजे. नखाने ढकलावा लागला तर वेग कमी करा. वरून मास्किंग टेप लावली की धुराचे डाग पडत नाहीत. आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी, कारण सुटलेला तुकडा हलतो. एअर असिस्ट (कापण्याच्या जागी हवा फुंकणारा पंप) चालू, धूर खिडकीबाहेर, डोळ्यांवर 450 नॅनोमीटरचा निळा किरण अडवणारा चष्मा. मशीन सोडून चहा करायला जाऊ नका, प्लाय पेट घेतो.

कापल्यावर कडेची काजळी ओलसर फडक्याने पुसा, नाहीतर पांढऱ्या क्रीमवर काळे ठिपके उठतात. एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडची राळ असते, ते केकला टेकता कामा नये. त्याला पायच कापू नका. मागे बांबूच्या दोन काड्या चिकटवा, गोंद क्रीमच्या बराच वर राहील अशा.

आणि नाशिकरोडहून गंगापूर रोडला स्कूटरवर केक न्यायचा असेल, तर टॉपर वेगळ्या पाकिटात द्या. खड्ड्यांत तो हलून क्रीममधलं भोक मोठं करतो, शिवाय डब्याचं झाकणही लागत नाही.