गाडी पाणी पिते, ते जातं कुठे?

मंडळी, मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या घरात गेला की जुन्या गाड्यांची एक तक्रार हमखास येते: "गाडी पाणी पिते." मग डिकीत बोअरच्या पाण्याचा कॅन ठेवायचा आणि दर मुक्कामाला ओतायचं. पण बंद यंत्रणेतलं पाणी रोज कमी होतं, म्हणजे ते कुठून तरी बाहेर पडतंच. ती जागा सापडण्याआधी इंजिन खोलायला घेऊ नका, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून. वरचा होज (रबरी नळी) हाताला गार लागल्याशिवाय ते उघडायचं नाही, नाहीतर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. छोट्या पेट्रोल गाड्यांच्या झाकणावर बहुधा 0.9 आकडा असतो, म्हणजे 0.9 बार दाब. तेवढ्या दाबाखाली पाणी 100 ऐवजी जवळपास 118 अंशांना उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून बाहेर सांडतं. मधली छोटी व्हॉल्व्ह अडकली तर इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही, होज मात्र चपटा होतो. झाकण स्वस्त असतं. शंका असली तर आधी तेच बदला.

मग प्रेशर टेस्टर, म्हणजे झाकणाच्या जागी बसवायचा काटेवाला हातपंप. इंजिन गार, रेडिएटर काठोकाठ भरलेला. झाकणावर लिहिलंय तेवढाच दाब द्या, वर नाही; जास्त दिलात तर धड असलेला जुना रेडिएटरच फुटेल. 15 मिनिटं काट्याकडे बघा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन शोधा: क्लॅम्प, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा, एक्झॉस्टमागचे कोअर प्लग (इंजिन ब्लॉकमधली पत्र्याची बुचं). वाळलेलं कूलंट पांढरा किंवा हिरवा थर सोडतं, तो माग धरा. पायाखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर गोडसर वासाची वाफ असेल तर हीटरची जाळी गेली. काही क्लॅम्प फक्त गार असतानाच गळतात, गरम झाल्यावर रबर फुगून जागा बंद होते. म्हणून सकाळी, गाडी सुरू करण्याआधी तपासा.

वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून थेंब पडला म्हणजे आतलं सील गेलं. ते भोक एम-सीलने बुजवू नका. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप अडकून पट्टा तुटतो. पंपच बदलायचा.

काटा उतरतो, पण बाहेर थेंब नाही? मग संशय हेड गास्केटवर, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर. ऑइल कॅपखाली चहासारखा फेस, गार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, दोन मिनिटांत दगडासारखा कडक होणारा होज. नुसता कॅपवरचा फेस कधी कधी थंडीत छोट्या फेऱ्यांमुळेही येतो, त्यावरून निकाल देऊ नका. दाब देऊन रात्रभर ठेवा, सकाळी सगळे स्पार्क प्लग काढून सेल्फ मारा. ज्या सिलिंडरमधून पाणी उडेल, तोच दोषी. स्पार्क प्लग न काढता सेल्फ मारलात तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

हेड काढलं की सरळ पट्टी ठेवून 0.05 मिमीचं फीलर पातं सरकवून बघा. शिरलं तर हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) द्या. वाकड्या हेडवर नवं गास्केट म्हणजे पुन्हा तोच खर्च. बोल्ट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच) आवळा.

रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक-स्टॉप टाकून गळती थांबते खरी, पण तोच गाळ जाळीच्या बारीक नळ्यांतही बसतो. गाव गाठायला ठीक, त्यापुढे नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षारही तेच करतो. म्हणून फ्लश करून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा.

भरताना गाडीचं तोंड चढाला करा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा. 82 अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) उघडला की पातळी एकदम खाली जाते. खालचा होज दाबत हवा काढत भरा. झाकण लावा, धुळ्याजवळचा लळिंग घाट एकदा चढून या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर पातळी परत बघा.