मशीनला येणारा 'जरासा' करंट

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या आसपास भोसरीत जा, नऱ्ह्यात जा, शिवण्यात जा. पावसाळ्यात कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "त्या ग्राइंडरला जरा करंट येतो, स्लीपर घालून चालव." ऐकणारा मान डोलावतो आणि कामाला लागतो. मला आज या 'जरा'बद्दलच बोलायचंय, कारण माणसं त्यातच जातात.

हाताला मुंग्या येतात तेव्हा शरीरातून साधारण १ मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग करंट जात असतो. १० च्या आसपास स्नायू आखडतात, धरलेलं हँडल सुटत नाही. ३० च्या पुढे हृदयाची लय बिघडू शकते. मशीनमधला दोष मात्र तिन्ही वेळा तोच असू शकतो. काल फरशी कोरडी होती, आज कूलंट सांडलंय आणि हात घामेजलेला आहे, एवढाच काय तो फरक.

"आमच्याकडे एमसीबी आहे ना!" असं मालक म्हणतात. अहो, एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच; तो वायर जळू नये म्हणून असतो. ३२ अँपिअरचा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला किमान १६० अँपिअर लागतात. आता मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, बॉडीला लागलं आणि तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स ५ ओहम आहे असं धरा. २३० भागिले ५, म्हणजे फार तर ४६ अँपिअर जमिनीत जाणार. तेवढ्यावर तो एमसीबी बराच वेळ ढिम्म हलत नाही, आणि तोवर मशीनच्या बॉडीत करंट आहेच.

म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पडणारा स्विच बसवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो पाहतो. हिशेब जुळला नाही की पुरवठा तोडतो; गळती मोठी असेल तर ४० मिलिसेकंदांत. तीन फेजच्या लाइनला चार पोलचा घ्यावा लागतो. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावलेल्या मशीनवर साधा आरसीसीबी वरचेवर पडतो, कारण ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडी गळती कायमच होत असते. मग कुणीतरी वैतागून तो बायपास करतो. कृपा करून तसं करू नका. तीन फेजच्या ड्राइव्हसाठी बी टाइपचा आरसीसीबी मिळतो. महाग आहे, पण त्या जागी तोच हवा.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो बदला. पण पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे असं धरून चालू नका. ते बटण अर्थिंग तपासतच नाही.

अर्थिंग बघायचं तर लेथच्या पायाशी उकिडवं बसावं लागतं. अर्थिंगची पट्टी दिसते, बोल्ट दिसतो, सगळं जागेवर. बोल्ट खोला, म्हणजे कळेल. मशीनला रंग देताना रंगाऱ्याने पायावर ब्रश फिरवलेला असतो आणि नंतर कुणीतरी पट्टी त्या रंगावरच आवळलेली असते. रंगातून करंट जात नाही. म्हणजे अर्थिंग आहे ते फक्त दिसायला. रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी कडेचा स्टार वॉशर घाला आणि मग आवळा. तीन फेजच्या मोटरला नियमाप्रमाणे दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात, ते याचसाठी. एक सुटलं तर दुसरं असतं.

आणि एक जुगाड, जो पाहिला की माझा जीव खालीवर होतो: अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलचाच तुकडा बॉडीला जोडायचा. खांबाकडून येणारी न्यूट्रल कुठे तुटली, की चालू लोडमधून २३० व्होल्टपर्यंतचा दाब थेट लेथच्या हँडलवर येतो. तुमच्याकडे असं असेल तर आजच वायरमनला बोलवा, उद्यावर टाकू नका.

आपल्याकडे गुरुवारची सुट्टी असते, त्या दिवशी हे करून घ्या. खंडेनवमीला मशीन पुसून, हळदीकुंकू वाहून आपण पूजा करतोच. त्याआधी मेन बंद करून टर्मिनल बॉक्स उघडायचा आणि अर्थिंगचा बोल्ट बघायचा, हेही त्या साफसफाईतच धरा. व्हीएफडी असेल तर मेन बंद केल्यावरही लगेच हात घालू नका. आतले कपॅसिटर भरलेले असतात. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवर छापलेलं असतं.

एवढं करूनही कुणी चिकटलंच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत. फॅक्टरीत या उपचारांचा तक्ता मराठीतही लावणं नियमाने बंधनकारक आहे. स्विचबोर्डाजवळ आहे का, तेवढं बघून घ्या. आणि माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्या, ईसीजी काढा. करंटने आतून भाजलेलं वरून दिसत नाही.

नमस्कार.